गाईडलाईन बरोबर, पण पेशंट तिच्यात बसत नाही!

तालुक्याचा डॉक्टर: परवा ७८ वर्षांचे आजोबा आले, शुगर, बीपी, किडनी थोडी बाद, आणि पिशवीतून टेबलावर नऊ पाकिटं ओतली. तीन स्पेशालिस्टांनी आपापल्या गाईडलाईनप्रमाणे लिहिलेली, एकेक बघितली तर एकही चूक नाही. पण आजोबा पहाटे लघवीला उठले की भिंत धरून चालतात. उभं करून बीपी घेतलं, वरचं १०४! वरचं १२०च्या खाली आणा म्हणणारी २०१५ची स्प्रिंट नावाची ट्रायल, ९,३६१ लोकांवरची बीपीची चाचणी, तिच्यात डायबेटिसवाले घेतलेच नव्हते. आणि तिथे बीपी मोजलं पाच मिनिटं शांत बसवून, मशीनने तीनदा. माझ्या ओपीडीत बाकावर पोरं रडतायत, बाहेर एसटीचा हॉर्न. मी बीपीची एक गोळी बंद केली. चुकलो का?

आकडेमोड: गोळी बंद केली ते ठीकच, पण खापर एव्हिडन्सवर कशाला? म्हाताऱ्यांचं उभं करून बीपी बघा हेही गाईडलाईनच सांगते. त्याच ट्रायलमध्ये पंच्याहत्तरीपुढचे २,६३६ जण होते, त्यांनाही फायदा दिसला. "माझा अनुभव" म्हणत सर्दीला अँटिबायोटिक आणि अंगदुखीला सलाईन लावणारेही तुमच्याच तालुक्यात असतील ना?

तालुक्याचा डॉक्टर: सलाईनचं मान्य, झोंबलं. पण ते २,६३६ पण बिनशुगरचेच हो.

कोकणकर: अनुभवाला एवढं हिणवू नका राव. महाडकडे लाल विंचू चावून माणसं दगावायची, डॉ. हिंमतराव बावस्करांनी खाटेशेजारी बसून बघितलं की हृदयावर येतंय आणि बीपीची साधी गोळी, प्राझोसिन, द्यायला लागले. तेव्हा कुठे होती आरसीटी, ती चिठ्ठ्या टाकून दोन गट करून औषध तपासायची ट्रायल?

आकडेमोड: मग पुढचं पण सांगा की. २०११ला बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचीच महाडची ट्रायल आली, ७० पेशंट, नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन अधिक अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते अँटीव्हेनमवाले ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवाले ३५ पैकी ८. स्वतःच्याच गोळीची परीक्षा घेतली माणसाने!

कोकणकर: घेतली ना, पण महाडात, आमच्याच विंचवावर! डॉक्टर तेच तर म्हणतायत.

सूनबाई: आमच्या सासूबाईंच्या अकरा गोळ्या आहेत. त्यातली कुठली बंद केली तर चालेल याची ट्रायल कुठली कंपनी स्वतःच्या पैशाने करेल हो?

तालुक्याचा डॉक्टर: आजोबा काल येऊन गेले. बसून १४६, उभं राहून १३२, भिंत सुटली म्हणे. एकाच माणसाचं आहे, आकडेमोड ओरडायच्या आत सांगून ठेवतो.