मदत हवी आहे: काम संपल्यावर ॲमेझॉनचं भाड्याचं स्पॉट मशीन बंद करतो, पण नवीन मशीन सुरू होतं (पायथन, ॲमेझॉनची बोटो३ लायब्ररी)

नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी पऱ्हाटीत (कपाशीत) लावलेल्या कामगंध सापळ्यांचे (मादीच्या वासाच्या आमिषानं पतंग पकडणारे सापळे) फोटो दोन हंगामांपासून गोळा करतोय, साडेतीन हजारांवर झाले. त्यावरून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजणारं मॉडेल बनवायचं आहे. सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हेक्टरी ५ सापळे, आणि त्यात चिकटलेले, पंख झडलेले पतंग रोज मोजायचे म्हणजे माणूस कंटाळतो. मग डोमकळ्या (अळी लागल्यानं न उमललेली, मिटलेली फुलं) दिसल्यावरच जाग येते, तेव्हा उशीर झालेला असतो. यंदा पऱ्हाटी पात्यांवर यायच्या आत हे तयार व्हावं अशी फार इच्छा आहे.

लॅपटॉपवर हे झेपत नाही. म्हणून ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधलं जी४डीएन एक्सलार्ज (ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन) स्पॉटवर घेतो. त्यांच्याकडे पडून असलेली क्षमता असल्यामुळे सूट ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यांना गरज पडली की दोन मिनिटं आधी सूचना देऊन मशीन काढून घेतात, त्याचं मला काही वाटत नाही. चेकपॉइंट (तोवरच्या कामाची जतन केलेली प्रत) दर वीस मिनिटांनी एस३ मध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या ऑनलाइन साठवणीत टाकतो.

मशीन 'रिक्वेस्ट_स्पॉट_इन्स्टन्सेस' ने मागतो आणि टाइप 'पर्सिस्टंट' देतो, म्हणजे मशीन गेलं की विनंती आपोआप नवं मागते. कारण असं की आमच्याकडे रात्री लाइन गेली की वायफाय जातं, थोड्या वेळानं टॉवरही बसतो. मशीन काढून घेतलं तर पुन्हा मागायला मी ऑनलाइन असेनच याची खात्री नाही.

आता अडचण. ट्रेनिंग संपलं की कोड स्वतःच 'टर्मिनेट_इन्स्टन्सेस' बोलावतो. परवा रात्री ११ ला काम संपलं. सकाळी पाहतो तर मशीन चालूच, आणि तेही वेगळ्या आयडीचं. नोंदी पाहिल्या तर रात्रीतून सात मशीनं उभी राहिली होती. प्रत्येकानं फोटो उतरवले, काम पूर्ण झालेलं पाहिलं, स्वतःला बंद केलं, की पुढचं हजर. मग मी हातानं विनंती रद्द केली, तर मशीन तसंच चालू राहिलं! स्टेटसमध्ये 'विनंती रद्द, मशीन चालू' अशा अर्थाचं काहीतरी दिसत होतं.

नेमकं काय करायचं? आणखी एक: विनंतीला टॅग (ओळखीची चिठ्ठी) लागतो, मशीनला लागत नाही. त्यामुळे बिलात कोणता खर्च कशाचा ते कळत नाही.

प्रतिसाद १
टाइप 'वन-टाइम' करून टाका, विषय संपला.

धागाकर्ता
दादा, मग रात्री मशीन गेलं तर सकाळपर्यंत काम पडून राहील. पुन्हा आपोआप यायला हवं, फक्त काम संपल्यावर नको.

प्रतिसाद २
भाऊ, विनंती आणि मशीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्सिस्टंट विनंती जिवंत असेपर्यंत मशीन मारलं की ती पुन्हा 'ओपन' होते आणि नवं मशीन मागते. विनंती रद्द केली तर फक्त पुढची मागणी थांबते, चालू मशीनला हात लागत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी 'कॅन्सल_स्पॉट_इन्स्टन्स_रिक्वेस्ट्स', मग टर्मिनेट. दोन्ही त्याच मशीनवरून करता येतं. 'डिस्क्राइब_इन्स्टन्सेस' च्या उत्तरात विनंतीचा आयडी मिळतो. मशीनच्या आयएएम रोलला (मशीनला काय करता येईल ते ठरवणारी भूमिका) या तिन्हींची परवानगी द्या.

टॅगचं म्हणाल, तर 'रिक्वेस्ट_स्पॉट_इन्स्टन्सेस' ही पद्धत जुनी झाली, ॲमेझॉन स्वतःच ती वापरू नका म्हणतं. 'रन_इन्स्टन्सेस' वापरा आणि मार्केट ऑप्शन्समध्ये स्पॉट सांगा. तिथे मशीन, डिस्क, विनंती तिघांनाही टॅग लावता येतो. मात्र तिथे पर्सिस्टंट हवं असेल तर ॲमेझॉननं मशीन काढून घेताना 'स्टॉप' किंवा 'हायबरनेट' असंच वागणं चालतं, 'टर्मिनेट' दिलंत तर एरर येईल. स्टॉप घेतलंत की तेच मशीन त्याच डिस्कसह परत उठतं. यूजर डेटा (मशीनला सुरुवातीला दिलेली स्क्रिप्ट) साधारणपणे पहिल्यांदा सुरू होतानाच चालतो, म्हणून ट्रेनिंग सिस्टमडी सर्व्हिस (मशीन उठलं की दरवेळी आपोआप चालणारी) म्हणून बसवा. थांबलेल्या मशीनच्या डिस्कचं भाडं चालू राहतं, हेही लक्षात असू द्या.

स्पॉटसाठी कमाल किंमत घालू नका. न दिल्यास ऑन-डिमांड (सूट नसलेला नेहमीचा) दर हीच मर्यादा धरली जाते.

धागाकर्ता
भाऊ, खूप आभार. काल रात्री 'रन_इन्स्टन्सेस' वर आणलं. पहिल्या वेळी यूजर डेटा चाललाच नाही. जुन्या पद्धतीत तो स्वतः बेस६४ (मजकूर साध्या अक्षरांच्या संकेतात बदलणं) करून द्यावा लागायचा, इथे बोटो३ स्वतः करतं, त्यामुळे दोनदा होत होता. ती ओळ काढली. पहाटे ३ ला मशीन एकदा थांबलं, ४ नंतर आपोआप उठलं आणि शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे गेलं. सकाळी विनंती रद्द झालेली, एकही मशीन चालू नाही, डिस्कही उरलेली नाही. टॅग मशीनला लागलाय.

आता अंधारात फ्लॅशवर काढलेल्या फोटोंत पतंग कमी मोजले जातात. त्यासाठी वेगळा धागा काढतो.