करार न करता व्यापारी गट सोडला, तर आयातशुल्काखेरीज नेमके काय बिघडते?

फळा-खडू (म्हापसा)

नमस्कार. मी उच्च माध्यमिक विद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गात आंतरराष्ट्रीय व्यापाराचा धडा चालू असताना एका मुलाने असा प्रश्न विचारला की त्याला दिलेल्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. त्याचे वडील पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधील स्विंडनला गेले असून तेथे एका गोदामात काम करतात. त्यामुळे ब्रेक्झिट हा शब्द त्याच्या घरी आमच्या पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधी पोहोचला होता.

त्याचा प्रश्न असा. जून २०१६ मध्ये ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतला आणि २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, व्यापार करार झाला. मधली चार वर्षे 'करार न होता बाहेर पडलो तर' या भीतीत गेली. पण करार झालाच नसता, तरी जागतिक व्यापार संघटनेचे नियम लागू झालेच असते, आणि त्या नियमांनुसार युरोपीय संघाच्या आयातशुल्काची साधी सरासरी पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. पाच टक्क्यांसाठी एवढा गहजब कशाला? चलनाचा दर याहून जास्त वरखाली होत नाही का?

मी त्याला 'अनिश्चितता' हा शब्द सांगितला आणि तास संपला. ज्यांचा निर्यातीशी किंवा मालवाहतुकीशी प्रत्यक्ष संबंध आला आहे, अशा कोणी यावर लिहिले तर उपकार होतील. पुस्तकी उत्तर माझ्याकडे आहे.

वेर्ण्याचा वाटसरू

बाई, तुमच्या विद्यार्थ्याने प्रश्न बरोबर जागी विचारला आहे, कारण माझ्या धंद्यात हे शुल्क पाच टक्केही नव्हते, शून्य होते, आणि तरीही आमची झोप उडाली होती.

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. तयार औषधांवर शुल्क लावायचे नाही, असा समझोता बऱ्याच विकसित देशांनी जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेच्या वेळीच केलेला आहे. म्हणजे करार होवो वा न होवो, गोळ्यांवर जकात पडणार नव्हती. मग अडचण कुठे होती? भारतात तयार झालेली बॅच युरोपीय संघाच्या बाजारात जाण्यापूर्वी संघाच्या हद्दीत तिची पुन्हा तपासणी व्हावी लागते, आणि संघातीलच अधिकृत व्यक्तीने ती विक्रीस योग्य असल्याचे सही करून प्रमाणित करावे लागते. आमची ही तपासणी इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत होत असे. ब्रिटन संघात असेपर्यंत त्या एका सहीवर अठ्ठावीस देशांची दारे उघडत. ब्रिटन बाहेर पडताच त्याच माणसाची, त्याच प्रयोगशाळेतली, त्याच शाईची सही उरलेल्या सत्तावीस देशांच्या लेखी निरर्थक ठरणार होती. औषधाच्या परवान्याचा धारकही संघातलाच असावा लागतो, आणि त्याचा पत्ता खोक्यावर छापलेला असतो.

त्यामुळे २०१८ च्या अखेरीपासून आम्ही दुसऱ्या देशात प्रयोगशाळा शोधली, चाचणीच्या पद्धती तिकडे हस्तांतरित केल्या, परवाने नव्या नावावर करून घेतले आणि खोक्यांची छपाई बदलली. गोळी तीच, यंत्र तेच, कामगार तेच. कागद मात्र सगळा नवा. छापून ठेवलेल्या जुन्या खोक्यांचे गठ्ठे कंपनीच्या मागच्या शेडमध्ये यंत्रात घालून फाडताना मी स्वतः उभा होतो, कारण त्या कामावरही सही लागते. हा खर्च कुठल्याच शुल्काच्या तक्त्यात दिसत नाही. ब्रिटनच्या सरकारने त्या काळात औषध कंपन्यांना नेहमीपेक्षा सहा आठवड्यांचा जादा साठा करून ठेवायला सांगितले होते, तो शुल्काच्या भीतीने नव्हे. युरोपची औषध नियामक संस्थाच २०१९ मध्ये लंडनहून ॲम्स्टरडॅमला गेली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेवटी जो करार झाला, त्यात कारखान्यांच्या तपासणीचे दाखले परस्परांनी मान्य केले, पण बॅचच्या चाचणीला मान्यता मिळाली नाहीच. त्यामुळे आमची धावपळ वाया गेली नाही, असे म्हणायचे की करार अपुरा होता असे म्हणायचे, ते तुम्हीच ठरवा.

घाटवाट

मी वास्कोत मालाच्या सीमाशुल्क क्लिअरिंगच्या कामात तीस वर्षे काढली. विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी इंग्लंडच्या डोव्हर बंदरापर्यंत जाण्याची गरज नाही, गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत गेले तरी पुरते.

जीएसटी लागू होण्यापूर्वी, म्हणजे जुलै २०१७ च्या आधी, पत्रादेवी, मोले आणि पोळे येथे विक्रीकराचे नाके होते. बेळगावहून भाजी घेऊन येणाऱ्या गाडीला कर नसला तरी थांबावे लागे, कारण पुढच्या गाडीत सिमेंट किंवा फरश्या असत आणि तिचे बिल, प्रवेश कराचा कागद, गाडीचा क्रमांक यांचा मेळ बसेपर्यंत मागचे सगळे घाटात उभे. एका गाडीला कागदांसाठी लागणारा वेळ फार नसतो, पण तो वेळ रांगेतल्या प्रत्येकाला भोगावा लागतो. डोव्हरचे गणित हेच आहे. त्या बंदरातून गर्दीच्या दिवशी दहा हजारांच्या आसपास मालवाहू गाड्या जातात, आणि प्रत्येक गाडीमागे फक्त दोन मिनिटे जादा गेली तर १७ मैलांची रांग लागेल, असा इशारा खुद्द बंदरानेच दिला होता. २०१९ मध्येच करारावाचून बाहेर पडले असते तर प्रत्येक गाडीला सीमाशुल्काचे घोषणापत्र, मांस, मासे किंवा दुधाचे पदार्थ असल्यास पशुवैद्यकाचा दाखला, आणि काही गाड्यांना प्रत्यक्ष तपासणी, असे सगळे एका रात्रीत लागू झाले असते.

या तयारीतल्या दोन घटना सांगण्यासारख्या आहेत. जानेवारी २०१९ मध्ये केंट परगण्यातील मॅन्स्टनच्या बंद विमानतळावर गाड्या उभ्या करण्याची रंगीत तालीम झाली, तिला फक्त ८९ गाड्या आल्या. आणि जादा फेऱ्यांसाठी सरकारने एका कंपनीला १ कोटी ३८ लाख पौंडांचे कंत्राट दिले, जिच्याकडे एकही जहाज नव्हते. आमच्याकडे असे झाले असते तर आपण काय काय बोललो असतो!

खरी परीक्षा निराळ्याच कारणाने झाली. डिसेंबर २०२० मध्ये कोविडच्या नव्या प्रकारामुळे फ्रान्सने अठ्ठेचाळीस तास सीमा बंद केली आणि नाताळच्या तोंडावर हजारो चालक केंटमध्ये आपल्या गाड्यांतच अडकून पडले. करार न होता बाहेर पडणे म्हणजे काय, याचा नमुना लोकांनी तेव्हा पाहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या सीमा बंद झाल्या तेव्हा म्हापशाच्या बाजारात भाजी कुठे गेली होती, ते बाईंना आठवत असेलच.

मडगावचा जुना दुकानदार

वरील दोघांबद्दल आदर ठेवून मी थोडा विरोधी सूर लावतो. अर्थतज्ज्ञांनी या विषयात भीतीच फार पेरली. मे २०१६ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितले होते की नुसते मतदान विरोधी गेले तरी वर्षभरात मंदी येईल. ती आली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने करारावाचून बाहेर पडल्यास अर्थव्यवस्था आठ टक्क्यांनी आक्रसेल आणि बेकारी साडेसात टक्क्यांवर जाईल, असे चित्र रंगवले, आणि पुढच्याच सप्टेंबरात तो आठाचा आकडा साडेपाचवर आणला. वर्षभरात एवढा बदलणारा आकडा किती गंभीरपणे घ्यायचा?

शिवाय मार्च २०१९ मध्ये ब्रिटनने जाहीर केले होते की करार झाला नाही तर आयातीपैकी मूल्याने ८७ टक्के मालावर शुल्कच लावणार नाही. म्हणजे ग्राहकाला झळ नाही. आणि पौंड घसरला की निर्यातदाराला ते शुल्क आपोआप भरून निघते.

गोवा पोर्तुगीजांकडे असताना भारताने केलेल्या १९५५ च्या नाकेबंदीच्या वेळी माझे वडील मडगावात किराणा दुकान चालवत. भारताने रेल्वे थांबवली, हद्द बंद केली, मनीऑर्डरी अडल्या. तरी गोवा उपाशी राहिला नाही. बटाटे हॉलंडहून आले, सिमेंट जपानहून आले, दाबोळीला विमानतळ झाला. पुरवठ्याला वाट लागते, ती कुठून तरी निघतेच.

फळा-खडू (म्हापसा)

दुकानदार साहेबांचा मुद्दा माझ्या विद्यार्थ्याला आवडेल, कारण तो नेमके हेच म्हणत होता. पण शून्य शुल्काबद्दल मला शंका आहे. एकाला शून्य लावले तर ते सर्वांनाच लावावे लागते ना?

आकडेमोड्या (फोंडा)

हो बाई, आणि तेथेच हा युक्तिवाद अडकतो. जागतिक व्यापार संघटनेचा पायाच असा आहे की करार नसताना एका सदस्याला दिलेली सवलत सर्व सदस्यांना द्यावी लागते. ब्रिटनने फ्रान्सच्या मालाला दार उघडले, की ते थायलंड आणि ब्राझीललाही उघडले. ब्रिटिश उत्पादकाला आपल्या घरी सगळ्या जगाशी स्पर्धा, आणि युरोपच्या दारात मात्र पूर्ण शुल्क. शिवाय पुढे कोणाशी बोलणी करायची तर हातात देण्यासारखे काही उरत नाही. एका गटाने तेव्हा असेही सांगितले की 'गॅट' या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराच्या चोविसाव्या कलमाखाली दहा वर्षे शून्य शुल्क चालू ठेवता येते. ते कलम आहे, पण त्यासाठी दोन्ही बाजूंची संमती लागते, आणि दोन्ही बाजूंची संमती म्हणजेच करार.

आता पाच टक्क्यांकडे येतो. सरासरी हा फसवा आकडा आहे. मोटारींवर १० टक्के, मेंढीच्या मांसावर ४० टक्क्यांहून अधिक, दुधाच्या पदार्थांवर साधारण पस्तीस, आणि औषधांवर शून्य, यांची मिळून ती सरासरी होते. ब्रिटनमधून निर्यात होणाऱ्या मेंढीच्या मांसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक युरोपीय संघात जात होते. वेल्समधल्या धनगराला सरासरी सांगून काय उपयोग? पौंड दहा टक्क्यांनी घसरून चाळीस टक्के भरून निघत नाहीत, आणि मोटारीचे सुटे भाग इंग्लिश खाडी ओलांडून अनेकदा ये-जा करतात, तेव्हा पौंड घसरला की तेच महाग होतात. मतदानाच्या रात्री पौंड दीड डॉलरवरून १.३३ च्या आसपास आला होता, १९८५ नंतरची सर्वांत खालची पातळी. त्यातून महागाई वाढली.

बँकेच्या आकड्यांबद्दल दुकानदार साहेबांचा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. २०१६ चे भाकीत चुकले, हे खरेच. पण २०१८ चा आकडा भाकीत नव्हताच, सर्वांत वाईट घडले तर बँका टिकतील का, याची ती चाचणी होती. आणि तो आठावरून साडेपाचवर आला तो मधल्या काळात तयारी झाली म्हणून: विमानांना तात्पुरती परवानगी मिळाली, लंडनच्या क्लिअरिंग संस्थांना (म्हणजे आर्थिक सौदे हमी घेऊन पुरे करणाऱ्या संस्थांना) युरोपने मुदतवाढ दिली, आणि वेर्ण्याच्या मित्रांसारख्यांनी खोकी फाडली. आकडा उतरवायला पैसे पडले, एवढेच.

१९५५ ची आठवण मात्र मोलाची आहे, आणि ती तुमच्या विरुद्ध जाते. तेव्हाचे हॉलंडचे बटाटे आपण विकत घेऊ शकलो, कारण खाणींचे लोखंड जपान आणि पश्चिम जर्मनीला जात होते, म्हणजे आपला गिऱ्हाईक नाकेबंदीच्या बाहेर होता. ब्रिटनचे उलटे आहे. त्याच्या निर्यातीचा सुमारे ४३ टक्के भाग ज्या गटाकडे जात होता, त्याच गटाशी संबंध तुटणार होते. युरोपला ब्रिटनची गरज होती, पण ती सत्तावीस देशांत विभागलेली. त्यातला आयर्लंड तेवढा होरपळला असता, कारण त्याची पाचशे किलोमीटरची जमिनीवरची सीमा उत्तर आयर्लंडला लागून आहे, आणि १९९८ च्या शांतता करारानंतर तेथे नाके पुन्हा उभारायला कोणीही तयार नव्हते.

गट सोडण्याला माझा तात्त्विक विरोध नाही. ग्रीनलंडने १९८२ मध्ये कौल घेतला आणि १९८५ मध्ये युरोपीय समुदाय सोडला, पण मधली तीन वर्षे बोलणी करून, मासेमारीचा करार हाती घेऊन.

स्विंडनकर

मी पंधरा वर्षे येथे आहे, मूळचा बार्देशचा. एकच भर घालतो, कारण त्या मुलाच्या घरी हा विषय रोजचा असेल. होंडाने फेब्रुवारी २०१९ मध्ये येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२१ मध्ये तो बंद झाला, सुमारे साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या. ब्रेक्झिट हे कारण नाही, विजेच्या गाड्यांकडे वळण्यासाठी जागतिक फेररचना करत आहोत, असे कंपनीने सांगितले, आणि त्यावर शंका घेण्यासारखा पुरावा माझ्याजवळ नाही. पण कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या गोदामांत आमचे अनेक लोक होते, आणि २०१९ च्या मार्चमध्ये, मग एप्रिलमध्ये, मग ऑक्टोबरमध्ये, अशा तीन वेळा 'आता करारावाचून बाहेर' म्हणून साठा भरला आणि पुन्हा उपसला गेला. आधी जादा तास, नंतर पाळ्या रद्द. घरी पाठवायचे पैसे त्या वर्षी महिन्यागणिक बदलत होते.

फळा-खडू (म्हापसा)

सर्वांचे मनापासून आभार. उद्याचा तास मी औषधाच्या गोळीपासूनच सुरू करीन. वेर्ण्याच्या वाटसरूंना एक विनंती: त्या जुन्या खोक्यांपैकी एखादे कुठे उरले असेल, तर वर्गात दाखवायला मिळेल का?

वेर्ण्याचा वाटसरू

उरले असते तर माझीच चौकशी झाली असती, बाई. मोजून फाडली आणि मोजून नोंदवली. माझ्या घरच्या कपाटात त्याच औषधाचे हल्लीचे खोके आहे, आईला तेच चालू आहे. मागच्या बाजूला परवानाधारकाचा पत्ता आहे, तो वाचायला लावा. पुढच्या शनिवारी म्हापशाला येणार आहे, तेव्हा रिकामे करून आणून देतो.