१९४५ची मकरान त्सुनामी मुंबईपर्यंत कशी पोहोचली?

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सोलापुरात आमच्या मांडणीवरची भांडी खणखणली, तो आवाज मी अजून विसरलेले नाही. आता मुलगी विचारते, मकरानच्या भूकंपाने मुंबईत समुद्र कसा चढला?

उत्तर : ताई, २८ नोव्हेंबर १९४५ला आता पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरील पसनीजवळ समुद्राखाली सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे अरबी भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा) युरेशियन भूपट्टाखाली सरकतो. तो ताण एकदम सुटून समुद्रतळ उचलला गेला, वरचे सगळे पाणी ढकलले गेले, त्याच्या लाटा अरबी समुद्रातून मुंबईपर्यंत आल्या आणि मुंबईतही माणसे दगावली.

उत्तर : किल्लारीचा भूकंप जमिनीखालचा होता, समुद्राखालचा नव्हे, म्हणून तेव्हा त्सुनामी आली नाही. मुलीला मकरानचे दाखवायचे असेल तर पातळ पत्र्याच्या परातीत पाणी घेऊन तळाला खालून धक्का द्या.

प्रश्नकर्ती : करून पाहिले. पाणी काठावरून सांडले आणि मुलीला लगेच उमगले. मनापासून आभार.