डोडो म्हणजे ‘खुळा’ की ‘झुबकेवाला’?

गुणलेखक (प्रश्न):
गेल्या आठवड्यात एका आंतरशालेय प्रश्नमंजुषेत प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं. ‘डोडो या नावाचा अर्थ काय?’ (डोडो, म्हणजे मॉरिशस बेटावरचा तो नामशेष झालेला पक्षी.) माझ्या कार्डावर उत्तर होतं: पोर्तुगीज ‘दोउदू’, म्हणजे खुळा. नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, डच शब्द आहे. बुडाशी पिसांचा झुबका असलेला." सगळं सभागृह खिदळलं. मी ‘चूक’ म्हणून पुढे गेलो. नंतर ती येऊन एवढंच बोलली, "पोर्तुगीजांनी हा पक्षी पाहिल्याची नोंद दाखवा ना, सर." दाखवता आली नाही. हे ‘खुळा’ प्रकरण मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय. जाणकारांनी सांगावं, माती खाल्ली का मी?

शब्दवेल्हाळ:
थोडीशी खाल्लीत. पोर्तुगीज मॉरिशसला १५०७ च्या सुमारास पोचले खरे, पण त्यांच्या कागदांत या पक्ष्याचा उल्लेख सापडलेला नाही. लिहून ठेवलं ते डचांनी. १५९८ मध्ये त्यांची जहाजं तिथे लागली आणि त्यांनी ठेवलेलं पहिलं नाव डोडो नव्हतंच. ते होतं ‘वाल्खफोगल’, म्हणजे किळस आणणारा पक्षी. कारण स्वयंपाकातलं: जितकं शिजवावं तितकं मांस चिवट. पोट आणि छाती मात्र चवदार, असंही त्याच वृत्तांतात आहे. बेटावर होले मुबलक होते, मग हे चावत कोण बसणार!

‘डोडार्स’ हे नाव कप्तान विलेम फान वेस्ट-झानेनच्या १६०२ च्या रोजनिशीत येतं. ‘डोड’ म्हणजे झुबका, ‘आर्स’ म्हणजे ढुंगण. (सभ्य शब्द शोधत होतो, पण खलाशांनीच शोधला नव्हता.)

पाणथळ:
डच लोक आजही ‘डोडार्स’ म्हणतात ते टिबुकलीला, म्हणजे तळ्यात बुड्या मारणाऱ्या त्या छोट्या पाणपक्ष्याला. टिबुकली पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. बुडी मारायच्या आधी तिची मागची बाजू बघा. शेपटी म्हणावी असं काही नाहीच, नुसता फिकट पिसांचा फुगीर बोळा. पाणी लागलं तरी तो तस्साच फुललेला. डोडोच्या शेपटीचं डच वर्णनही असंच आहे: राखाडी, मऊ, आत वळलेली चार-दोन पिसं. घरच्या तळ्यातली टिबुकली आठवूनच कुणा खलाशाने हे नाव ठेवलं असणार, असं मला वाटतं.

उलटतपासणी:
निकाल इतका एकतर्फी नको. इमॅन्युएल ऑल्थम या इंग्रजाने १६२८ मध्ये मॉरिशसहून पाठवलेल्या पत्रात ‘पोर्तुगीज याला डो डो म्हणतात’ असं स्वच्छ लिहिलंय. थॉमस हर्बर्ट हा प्रवासीही नाव पोर्तुगीजच मानतो आणि ते पक्ष्याच्या भोळेपणावरून पडलं म्हणतो. दोघेही त्याच काळातले, पण दोघेही इंग्रज, म्हणजे साक्ष ऐकीवच. माणूस दिसला तरी न पळणाऱ्या पक्ष्याला खुळा ठरवणं सोपं होतं. पुढे १७६६ मध्ये जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने ‘डिडस इनेप्टस’ (‘इनेप्टस’ म्हणजे खुळचट) नाव देऊन त्यावर शिक्काच मारला.

शास्त्रज्ञ तरी कुठे शहाणे? याच लिनियसने आधी, १७५८ मध्ये, याला शहामृगांत बसवलं होतं. ब्रिसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलेलं ‘रॅफस’ हे नाव माळढोकांकडे बोट दाखवतं. शेवटी निघालं काय, तर कबूतर! २००२ च्या डीएनए तपासणीत निकोबार कबूतर त्याचं आज हयात असलेलं सगळ्यात जवळचं नातलग ठरलं. त्यामुळे तिसरा तर्कही आहे: हे नाव त्याच्या ‘डू-डू’ घुमण्यावरून पडलं असावं. पावशाला आपण पावशा म्हणतो, तसंच.

अवांतर: पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहिलंय, १६३० च्या आसपास. म्हणजे महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीच्या तीसेक वर्षं आधी. तिथल्या लोकांनी त्याला काय नाव ठेवलं असेल, हा माझा आवडता प्रश्न.

गुणलेखक:
सगळ्यांचे आभार. म्हणजे माझं उत्तर अगदीच टाकाऊ नाही, पण तिचं चूक म्हणायला मला तोंड नव्हतं. आज तिच्या शाळेत फोन करून गुण वाढवून दिला. पंचाईत अशी, की त्या एका गुणाने पहिला नंबर बदलतोय आणि करंडक दुसऱ्या शाळेच्या कपाटात जाऊन बसलाय. आता तो परत मागायला कोणी जायचं?