मदत हवी आहे: विंडोज १० वरून ११ टाकायचंय, 'पीसी पात्र नाही' म्हणतंय

तासगावचा_फोकस | शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.१०
नमस्कार मंडळी. तासगावला स्टुडिओ आहे, लग्नांची कामं करतो. मशीन अजून विंडोज १० वर आहे आणि त्याचे अपडेट बंद होऊन महिना झाला. त्यातच नवीन कॅमेरा बॉडी घेतली, तिचे रॉ (कॅमेऱ्यातून येणाऱ्या मूळ फाइल) लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नाहीत. म्हणजे ११ शिवाय गत्यंतर नाही. पण तपासलं तर 'हा पीसी पात्र नाही' असं येतंय. रॅम ३२ जीबी आहे, एसएसडी आहे, मग अडतंय कुठे? रविवारी हळद, सोमवारी लग्न. उद्या रात्री सी ड्राइव्ह फॉरमॅट करून, म्हणजे पूर्ण पुसून, ११ टाकणार आहे. फोटो सगळे डी ला आहेत, ती काळजी नाही. फक्त तो मेसेज कसा घालवायचा तेवढं सांगा.

खटपट्या | रात्री ९.२२
प्रोसेसर कोणता ते लिहिलंच नाही. रॅमचा प्रश्नच नाही, ११ ला ४ जीबी पण चालते. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम त्या नावाने दिसत नाही, इंटेलला पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम म्हणून बघा. बहुतेकांचं तिथेच अडकलेलं असतं.

तासगावचा_फोकस | रात्री ९.३१
आय सेव्हन आहे. चांगला महागातला घेतला होता.

खटपट्या | रात्री ९.३३
आय सेव्हन २००८ पासून येतायत. पुढचा चार आकडी नंबर द्या.

तासगावचा_फोकस | रात्री ९.४०
७७००.

खटपट्या | रात्री ९.४४
मग पीटीटी चालू करूनही मेसेज जाणार नाही. ७७०० म्हणजे सातवी पिढी, आणि ११ ची यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. पण काळजी करू नका. रूफस या सॉफ्टवेअरने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवा, ती तपासणी काढून टाकायचा पर्याय त्यातच आहे. मी दोन सहाव्या पिढीच्या मशीनवर असंच ११ टाकलंय, वर्षभर व्यवस्थित चाललीयत.

सायली_नाशिक | रात्री ९.५८
खटपट्या, घरच्या मशीनला ठीक आहे, पण ज्याच्यावर पोट आहे त्या मशीनला हा सल्ला देऊ नका. यादीत नसलेल्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दरवर्षीचं मोठं अपडेट तर आपोआप येत नाही, पुन्हा हाताने टाकावं लागतं. सुरक्षेसाठी बदलायचं आणि सुरक्षाच हमीशिवाय घ्यायची, याला काय अर्थ?

खटपट्या | रात्री १०.०५
सायलीताई, मला आजवर प्रत्येक महिन्याचं अपडेट आलंय. मी अनुभवाचं सांगतोय.

पेंग्विनदादा | रात्री १०.११
या दोन्ही कटकटींतून सुटायचं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाका. ७७०० वर मस्त पळतं. लाइटरूमच्या जागी डार्कटेबल, तेही मोफत. मी पक्ष्यांचे फोटो काढतो, पाच वर्षं दुसरं काही वापरलेलं नाही.

सायली_नाशिक | रात्री १०.१६
दादा, त्यांना परवापासून लग्न शूट करायचंय. अल्बमचं डिझाइन फोटोशॉपमध्ये होतं आणि फोटोशॉप लिनक्सवर येत नाही. लाइटरूममधली एडिटिंगही डार्कटेबलमध्ये जशीच्या तशी उतरत नाही. सीझन सुरू असताना नवीन हत्यार कोण शिकेल?

बे_एरियातून | रात्री १०.३०
माझं मत, ॲपलचा मॅक मिनी एम४ (छोटा डेस्कटॉप) घ्या. भारतात ५९,९०० पासून आहे, १६ जीबी रॅम. मी इकडे तीन वर्षांपूर्वी मॅकवर आलो, रंगांच्या बाबतीत समाधान आहे.

आडवी_फ्रेम | रात्री १०.४१
धागाकर्ते, लाइटरूम कोणतं? दरमहा पैसे भरता ते की जुनं विकत घेतलेलं? आणि नवीन बॉडी कोणती?

तासगावचा_फोकस | रात्री १०.४८
लाइटरूम ६, एकदाच पैसे भरून घेतलेलं. बॉडी निकॉन झेड ६ टू. आधी डी ७५० होता, त्याचे रॉ अजूनही उघडतात. पण याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध?

आडवी_फ्रेम | रात्री ११.०२
सगळा संबंध इथेच आहे. लाइटरूम ६ चं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७ मध्ये आलं आणि झेड ६ टू आला २०२० मध्ये. त्या सॉफ्टवेअरला हा कॅमेरा माहीतच नाही. विंडोज ११ टाकलं तरी ते रॉ उघडणार नाहीत. लाइटरूमवाल्या अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर मोफत आहे, तो रॉ फाइल डीएनजी या अडोबीच्या प्रकारात बदलतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी जुन्या कॅमेरा रॉ आवृत्तीची निवडा आणि एनईएफचं (निकॉनच्या रॉ फाइलचं) डीएनजी करून घ्या, लाइटरूम ६ ते उघडेल. नुसते बघायचे, निवडायचे असतील तर निकॉनचं एनएक्स स्टुडिओही फुकट आहे.

बे_एरियातून, लाइटरूम ६ चा इन्स्टॉलर ३२ बिटचा (जुन्या पद्धतीचा) आहे आणि मॅकने २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिट बंद केलं. मिनी घेतला की दरमहाचं लाइटरूम पण घ्यावं लागेल. ५९,९०० वर तो खर्च वेगळा धरा.

आता महत्त्वाचं. तुमचा कॅटलॉग कुठे आहे?

तासगावचा_फोकस | रात्री ११.०८
वर लिहिलंय ना, फोटो सगळे डी ला आहेत.

आडवी_फ्रेम | रात्री ११.१५
फोटो नाही, कॅटलॉग. लाइटरूम मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही केलेला प्रत्येक क्रॉप, एक्स्पोजर, रंग, तारे, कलेक्शन हे सगळं एलआरकॅट नावाच्या एका फाइलमध्ये असतं. ती तुम्ही हलवली नसेल तर सी वर तुमच्या युजरच्या पिक्चर्समध्ये लाइटरूम फोल्डरात आहे. एडिट मेनूत कॅटलॉग सेटिंग्ज उघडा, जनरलमध्ये पत्ता दिसेल. आत्ता बघा आणि इथे लिहा. तोपर्यंत फॉरमॅटचं नाव काढू नका.

जुनी_रीळ | रात्री ११.२०
फॉरमॅटनंतर मॉनिटर पुन्हा कॅलिब्रेट करायला, म्हणजे त्याचे रंग जुळवायला, विसरू नका, रंगांची प्रोफाइल सी वरच असते. आम्ही डार्करूममध्ये दर बॅचला टेस्ट स्ट्रिप काढायचो. आजची मुलं स्क्रीनवर डोळे मिटून विश्वास ठेवतात आणि शालू प्रिंटमध्ये विटकरी येतो.

तासगावचा_फोकस | रात्री ११.३७
सी वरच आहे. युजर्स, पिक्चर्स, लाइटरूम. बॅकअप्सचं फोल्डरही त्याच्याच आत. २०१६ पासूनची सगळी लग्नं त्यात आहेत. दोन अल्बम अजून लॅबला गेलेले नाहीत. मला वाटत होतं की बाहेर पडताना बॅकअप घेतो म्हणजे सुरक्षित आहे. हात थरथरतायत खरंच.

आडवी_फ्रेम | रात्री ११.४९
काही गेलेलं नाही. शांतपणे करा.

लाइटरूम बंद करून ते अख्खं फोल्डर डी वर आणि एका बाहेरच्या डिस्कवर, दोन्हीकडे कॉपी करा. मग डी वरची एलआरकॅट डबलक्लिक करून उघडा, फोटो दिसतात का बघा. इथून पुढे तीच वापरा. शिवाय सगळे फोटो निवडून कंट्रोल एस दाबा, म्हणजे एडिटिंग एक्सएमपीमध्येही (फोटोसोबतच्या नोंदीत) उतरेल. व्हर्च्युअल कॉपी, कलेक्शन, फ्लॅग मात्र त्यात जात नाहीत, त्यामुळे एक्सएमपी आहे म्हणून कॅटलॉग सोडू नका.

प्रीसेटही (साठवलेली एडिटिंग सेटिंग्ज) सी वरच असतात, ॲपडेटामध्ये. ते फोल्डर लपलेलं असतं. अल्बमवर नावं टाकायला श्रीलिपीचे फॉन्ट वापरत असाल तर तेही बाजूला काढा.

पुढे कधी ११ घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. सुरुवातीलाच ते पिक्चर्स फोल्डर वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला) जोडायला बघतं. फुकटची जागा ५ जीबी आणि आपला कॅटलॉग नेमका तिथेच. चालू कॅटलॉग सिंकमध्ये ठेवायचा नसतो. माझ्या ओळखीतल्या एकांनी तो एका क्लाउड फोल्डरात ठेवून दोन मशीनवर उघडला आणि एका साखरपुड्याची सगळी निवड गमावली.

सायली_नाशिक | रात्री ११.५८
आणि सुरक्षेचं म्हणाल तर विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक येते. सीझन याच्यावर काढा, पावसाळ्यात निवांत नवीन मशीन बघा.

खटपट्या | शनिवार, सकाळी ७.१५
लाइटरूमचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अशा मशीनला सायलीताईंचं बरोबर आहे. रूफस पेनड्राइव्हपुरतं मात्र मी अजूनही चांगलंच म्हणेन.

पेंग्विनदादा | सकाळी ८.०२
जुनं मशीन रिकामं झालं की मिंट टाकून बघाच.

तासगावचा_फोकस | शनिवार, संध्याकाळी ६.४०
पहाटे तीनपर्यंत कॉपी चालली होती. कॅटलॉग दोन ठिकाणी आहे, डी वरून उघडतो, २०१६ चं पहिलं लग्नसुद्धा एडिटिंगसकट दिसतंय. अपडेटची नोंदणी झाली. झेड ६ टू चे वीस रॉ डीएनजी करून बघितले, सगळे उघडले. फॉरमॅट रद्द. आडवी_फ्रेम, तुमचे उपकार विसरणार नाही. एकच विचारतो, डीएनजी केल्यावर मूळ एनईएफ उडवले तर चालतील का? डी वर जेमतेम ९० जीबी उरलंय.

आडवी_फ्रेम | संध्याकाळी ६.५२
अजिबात उडवू नका. सोमवारच्या आधी सांगलीतून २ टीबीची डिस्क आणा.

तासगावचा_फोकस | संध्याकाळी ६.५५
निघालोच.