मदत हवी आहे : जुन्या ओम्नी कॅम्परमध्ये पेट्रोलचा वास, गळती सापडत नाही

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९८ची ओम्नी आहे, कार्बोरेटरवाली. बाबांनी मागच्या सीट काढून घडीचा पलंग, पाण्याचा कॅन आणि छोटी गॅसची शेगडी बसवली आहे. पासिंग २०२८पर्यंत आहे, इंजिन उत्तम. तक्रार एकच, पेट्रोलचा वास.

टाकी अर्धी असली तर पुण्यात फिरताना काही जाणवत नाही. फुल करून कात्रजचा घाट चढायला लागलं की मागे बसलेल्यांना आधी वास येतो, पुढच्यांना नंतर. काचा लावून उन्हात उभी ठेवली तर दार उघडताच भपकारा येतो. खाली थेंब पडलेला दिसत नाही, पण टाकीच्या एका कडेला धूळ ओलसर, काळपट होऊन चिकटली आहे. एका गॅरेजमध्ये ओव्हरफ्लो म्हणून कार्बोरेटरचं किट बदललं, वास तसाच. दुसरे म्हणाले, बाहेरून एम-सील लावू. मी नको म्हटलं.

गणपतीनंतर ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला जायचं ठरतंय. आईबाबा गाडीतच झोपतात, चहाही आतच होतो. गळती मिळाल्याशिवाय गाडी निघणार नाही हे घरी सांगितलंय, पण बाबांचा तिच्यात जीव आहे, त्यांना ती नीट करूनच द्यायची आहे. टाकी उतरवावीच लागेल का? आणि नाना पेठेत पाइप कोणता मागायचा?

प्रतिसाद १
एम-सीलला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. सगळ्यात आधी शेगडी आणि सिलिंडर आजच गाडीबाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, काच उघडली म्हणून ती निघून जात नाही, पलंगाखाली साठून राहते. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सुटते, तेव्हा पावसाळी गारव्याचा काही आधार नाही. बंद पार्किंगमध्येही लावू नका.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. कार्बोरेटर गळत असता तर वास आधी पुढे आला असता, टाकीत कितीही पेट्रोल असलं तरी. तुमच्याकडे फुल टाकी, चढ आणि मागे वास. म्हणजे पेट्रोल टाकीच्या वरच्या भागाला लागलं की बाहेर येतंय. फिलर नेकचा, म्हणजे पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा जाड रबरी पाइप, शेजारचा हवेचा बारीक ब्रीदर पाइप, पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या फ्लोटखालचं पॅकिंग, नाहीतर माथ्याचा गंजलेला पत्रा, यांतलंच काहीतरी. हे खालून दिसत नाही, टाकी उतरवाच.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्याने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे पत्र्याची टाकी आतून गंजते. म्हणून एकच पाइप बदलून थांबू नका, सगळे बदला, क्लिपाही नव्या. बारीक पाइपांवर एसएई जे३० आर९ (इंधनाच्या पाइपांचं मानक) असं छापलेलं बघून घ्या. फिलर नेकचा मात्र मूळ आकाराचाच, इथेनॉल चालणारा मागा. पाण्याचा पाइप कुणी देऊ केला तर घेऊ नका.

काम मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून. आणि पत्रा गंजलेला निघाला तर ‘रिकामीच आहे, वेल्डिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात टाकी देऊ नका. रिकाम्या टाकीत वाफच भरलेली असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. त्यापेक्षा दुसरी टाकी शोधा.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर. ऑइलची कांडीही ओढून हुंगा. पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा फाटलाय. तसं असेल तर इंजिन चालूच करू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातील.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. शेगडी आणि सिलिंडर काढले, गाडी सोसायटीच्या उघड्या जागेत लावली. कांडीला वास नाही, पातळी खुणेवरच. येत्या रविवारी ओळखीच्या मेकॅनिककडे टाकी उतरवतोय, बाबाही येणार आहेत. त्या आधी एवढंच सांगा : या मॉडेलच्या फ्लोटखाली पॅकिंग रबरी येतं की कॉर्कचं? दुकानात जुना नमुना दाखवता येणार नाही, म्हणून विचारतोय.