बी.एस्सी. बॉटनी : चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च' करू, की तिसऱ्यालाच पदवी घेऊन बाहेर पडू?

सड्यावरची

नमस्कार. टीवाय बॉटनीला आहे, सहावं सत्र नुकतंच सुरू झालंय. आमचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे नवीन शैक्षणिक धोरण आमच्याकडे २०२३ लाच आलं. म्हणजे चौथ्या वर्षाला जाणारी आमची पहिलीच बॅच, विचारायला सिनिअर कुणी नाही. डिपार्टमेंटमध्ये विचारलं की "बघू, परिपत्रक येऊ दे."

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. घराच्या मागून पाखाडी चढली की सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, लागतो. उन्हाळ्यात काळाकुट्ट, चप्पल असली तरी तळवे भाजतात. आणि ऑगस्टमध्ये जाऊन बघा! सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, इतकी झाडं की पाऊल कुठे टाकायचं कळत नाही. दीपकाडी त्याच्याही आधी, जूनच्या पहिल्या पावसात येते आणि थोड्याच दिवसांत संपते. ती फक्त कोकणातल्या सड्यांवर होते हे मला एसवायला कळलं. तोपर्यंत आम्ही तिच्यातून गुरं हाकत होतो.

आमच्या सड्याच्या एका अंगाला चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण) आहे. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली तो तुकडा आणि खाण न लागलेला तुकडा, दोन्हीकडे काय उगवतं ते मी दोन पावसाळे वहीत लिहून ठेवलंय. तारखांसकट. सांगितलं कुणी नव्हतं, आपलं असंच. आता वाटतं, प्रोजेक्ट करायचा तर हाच करावा.

अडचणी दोन. सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) पाच सत्रांचा ७.४१ आहे. आणि बाबा म्हणतात, "तीन वर्षांत डिग्री हातात येते ना? मग चौथं कशाला?" धाकटा भाऊ बारावीला आहे, त्यामुळे त्यांचं चूक आहे असंही म्हणवत नाही. काय करू?

पायरीच_बरी

चौथं वर्ष म्हणजे कॉलेजला आणखी एका वर्षाची फी, बाकी काही नाही. एमपीएससीला तीन वर्षांची पदवी चालते. फुलं बघायला डिग्री कशाला लागते? रविवारी बघ.

सड्यावरची

@पायरीच_बरी रविवारीच बघतेय दोन वर्षं :) पण वहीत लिहिलेलं बरोबर की चूक हे सांगणारं माणूस रविवारी भेटत नाही.

टेबल_नं_४

मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे (तुमच्या नाही), म्हणून हिशोबाचं तेवढं सांगतो.

तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची (क्रेडिट्सची), चार वर्षांची १६० ची. चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. साधं ऑनर्स, त्यात जास्तीचे पेपर. आणि संशोधनासह ऑनर्स, त्यात युजीसीच्या आराखड्याप्रमाणे १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. दुसऱ्या प्रकारासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आपल्याकडे तो आकडा ७.५ सीजीपीए असा लावतात. ताई, सगळ्या सत्रांचे श्रेयांक सारखे धरले तर तुम्हाला सहाव्या सत्रात ७.९५ पाहिजेत. जमण्यासारखं आहे, पण या सत्रात ओजेटीचे (बाहेर प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे) ४ श्रेयांक असतात. ते गुण लोक हातचे घालवतात. डायरी रोजच्या रोज भरा आणि जिथे जाता तिथल्या साहेबांची सही तेव्हाच घ्या. मे महिन्यात सहीसाठी रडत येणारी पोरं मी बघतो.

एबीसी आयडीवर (श्रेयांकांच्या ऑनलाइन बँकेतलं तुमचं खातं) मागचे सगळे श्रेयांक चढलेत का, ते डिजिलॉकरला जाऊन आजच बघा. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असला की अडतं.

पानगळ

मी एकतीस वर्षं बॉटनी शिकवली, आता निवृत्त आहे. तुझं लिहिणं वाचून खुर्चीतून उठले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

सीजीपीएचं मागाहून. आधी तुझ्या डिपार्टमेंटमध्ये कायम शिक्षक किती आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती ते मोज. संशोधनासह ऑनर्स चालवायला त्या विषयात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले निदान दोन कायम शिक्षक लागतात, ही युजीसीची अट आहे. पुष्कळ ठिकाणी एक कायम, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. ती मुलं जीव तोडून शिकवतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही, पण तुझ्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून त्यांची सही चालायची नाही. दोन माणसं नसतील तर तुझ्या ७.९५ चा उपयोग काय? तुला साध्या ऑनर्समध्ये बसवतील आणि तिथे जास्तीचे पेपर. मग बाबांचंच ऐक.

दोघं असली तर आता कॅलेंडर काढ. हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. कॉलेजचं डोकं असं चालतं की सातव्या सत्रात संशोधन पद्धती शिकवायची, विषय ठरवायला दिवाळी उजाडणार, आणि खरं काम आठव्यात, डिसेंबर ते एप्रिल. रसायनवाल्यांना ते चालतं, त्यांची बाटली बारा महिने फडताळात असते. तुझा सडा डिसेंबरात पिवळा पडलेला असेल आणि फेब्रुवारीत कुणीतरी वणवा लावलेला असेल. मोजणार काय, राख? तुझा प्रकल्प जूनला सुरू होतो, आणि तेव्हा तू कागदोपत्री चौथ्या वर्षाला गेलेलीही नसशील. म्हणून आत्ताच, प्रवेशाची वाट न बघता, एका पानाचा आराखडा बाईंच्या नाहीतर सरांच्या हातात दे आणि "जूनपासून मोजायला लागू का?" एवढंच विचार. नियमाने १२ श्रेयांक म्हणजे, ३० तासांना एक धरला तर, ३६० तास. पैकी निम्मे तुझे ऑक्टोबर उजाडायच्या आत व्हायला हवेत.

दोन पावसाळ्यांची वही आहे ती जप, पण ती पुरावा नव्हे. तुला जे दिसलं ते तू लिहिलंस, जे दिसलं नाही ते कुठे आहे? यंदा एक मीटर बाय एक मीटरचे क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीच्या चौकटी, टाक, खाणीच्या तुकड्यात जितके तितकेच न खणलेल्या तुकड्यात. जागा आधी कागदावर चिठ्ठ्या टाकून ठरव. सड्यावर गेल्यावर फुलं आहेत तिथेच चौकट ठेवायचा मोह होतो, मला अजून होतो. दर पंधरा दिवसांनी तीच चौकट, तोच कोपरा. दीपकाडीचा कंद उपटायचा नाही, फोटो आणि मोजणी पुरे. ओळख पटली नाही तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ आहे. आधी पत्र टाकून जा. गेंदाच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखल्या असं कुणी म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही, त्याच्या बिया भिंगाखाली बघाव्या लागतात.

आणि हो, सडा कुणाच्या सातबाऱ्यावर आहे ते बघून ठेव. गावकीचा असेल तर विचारून घे. चौकटीच्या खुंट्या दिसल्या की लोकांना वाटतं नवी खाण येतेय.

तिसऱ्या_मजल्यावरची_लॅब

पानगळ मॅडमचं कॅलेंडरचं शंभर टक्के पटलं, बाकी थोडं वेगळं मत. मी पीएच.डी. करतोय, जुन्या पद्धतीने आलो, तीन अधिक दोन. वर्षं मोजलीस तर दोन्ही रस्ते पाचच : तीन वर्षं आणि दोन वर्षांचं एमएस्सी, किंवा चार वर्षं आणि एक वर्षाचं एमएस्सी. पण ते एक वर्षाचं एमएस्सी बॉटनीत तुला हव्या त्या विद्यापीठात सुरू होतंय का, हे प्रवेशाआधी लेखी विचार. नसेल तर चौथं करून पुन्हा दोन, म्हणजे सहा झाली.

फायदा खरा एकच. २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असले की थेट पीएच.डी.ला पात्र होता येतं, नेट परीक्षाही देता येते (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत). पण पात्र असणं आणि मुलाखतीत निभावणं वेगळं. बाविसाव्या वर्षी पीएच.डी.त शिरून गोंधळलेली माणसं पाहिलीत. मी तुझ्या जागी असतो तर दुसऱ्या गावी एमएस्सी केलं असतं, नवी माणसं भेटतात.

श्रेयांकांशिवायही संशोधन होतं, हे विसरू नकोस. विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो, तुझा विषय तिथे उठून दिसेल. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात, पुढच्या वेळी डोळा ठेव. आकडेमोडीसाठी एनपीटीईएलवर ऑनलाइन संख्याशास्त्राचा बारा आठवड्यांचा कोर्स कर, शिकणं फुकट आणि परीक्षेला हजार रुपये. शंभर क्वाड्रॅटचे आकडे घेऊन एप्रिलमध्ये "आता याचं काय करू" म्हणून बसण्यापेक्षा बरं.

पानगळ

@तिसऱ्या_मजल्यावरची_लॅब दुसऱ्या गावी जा म्हणणं सोपं आहे रे. तिचा सडा तिच्या घरामागे आहे. दुसऱ्या गावी गेली की पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एसटीने येणार का?

तिसऱ्या_मजल्यावरची_लॅब

तेही खरंच. माझं काम फ्रीजरमध्ये असतं, विसरलो.

सड्यावरची

सगळ्यांचे आभार. आज मोजलं. आमच्याकडे कायम शिक्षक तीन आहेत, पण मार्गदर्शक म्हणून मान्यता दोघांनाच, आणि त्यातले एक सर पुढच्या डिसेंबरात निवृत्त होतायत. म्हणजे बरोब्बर सातवं आणि आठवं सत्र यांच्या मध्ये. हे परिपत्रकात कुठे असणार होतं?

बाईंना मधल्या सुट्टीत गाठलं. सरांच्या जागेचं त्या प्राचार्यांना विचारणार आहेत, खात्री देत नाहीत. आराखडा मात्र सोमवारी आण म्हणाल्या, चौथ्याचं काहीही ठरो, जूनची मोजणी सोडायची नाही. एबीसीवर माझं आडनाव एका ठिकाणी चुकलंय, @टेबल_नं_४, ते कुठे दुरुस्त करतात?

बाबांना अजून सांगितलेलं नाही. पण चौकटीसाठी लाकडी पट्ट्या पाहिजेत म्हटल्यावर आंब्याच्या जुन्या पेट्या खोलून दिल्यात. कशाला ते विचारलं नाही.